केळीच्या खांबांना पांढरी ओढणी

अध्यक्षस्थानी असलेले माननीय उपायुक्त साहेब, मंचावरचे सन्माननीय पाहुणे, ज्यांच्या निवृत्तीनिमित्त आपण आज माणिकपूरच्या या सभागृहात जमलो आहोत त्या आमच्या निवडणूक विभागाच्या आशालता चुरीताई, निर्मळहून भर उन्हात आलेल्या पुतळाबाई आणि इनेझबाई, आणि चहाच्या वासाने मागच्या दाराशी सरकलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

सूत्रसंचालन करणाऱ्या ज्ञानदाने मला चिठ्ठी दिली आहे, 'थोडक्यात.' ताई, तुमच्याबद्दल थोडक्यात? असो, प्रयत्न करते.

मी घरपट्टी विभागातली. पण निवडणूक आली की आपल्याकडे कोण कुठल्या विभागाचं राहतं? उद्यानवाले, पाणीवाले, सगळे एका गाडीत. शाळा दुसऱ्याची, शिक्षक तिसऱ्याचे, यंत्रं वरून आलेली. शिव्या तेवढ्या आपल्या हक्काच्या! नायगावला टॉवर वाढले, मतदार वाढले, खोल्या मात्र तेवढ्याच. ताईंनी एका सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये केंद्र मांडलं, तर सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, लोकांना चपला बाहेर काढायला सांगा, टाइल्स नवीन आहेत." ताई शांतपणे म्हणाल्या, "सांगते. पण चपला सांभाळायला तुम्ही बसा." सेक्रेटरींनी चपलांचा विषय सोडला.

पण मला सांगायचं आहे ते निर्मळचं.

आपली महापालिकेची निवडणूक इतकी लांबली होती, की ती होईल यावर पुतळाबाईंचा विश्वासच नव्हता. त्यांनी धाकट्या मुलीचं, क्षितिजाचं लग्न धरलं. मतदानाची तारीख जाहीर झाली, ती नेमकी लग्नाचीच. पत्रिका वाटून झालेल्या. घराच्या समोर शाळा, शाळेत मतदान केंद्र आणि मी तिथली केंद्राध्यक्ष.

सोयरीक जुळली की वाडीत दोन केळी लावायच्या आणि लग्नाच्या पहाटे त्या घडासकट काढून मांडवाच्या दाराशी बांधायच्या, ही पुतळाबाईंच्या घरची रीत. आदल्या संध्याकाळी ताईंनी गल्लीतला प्रत्येक फलक झाकून घेतला होता. केळी मात्र उजाडता उजाडता आल्या. काय सुंदर घड होते! मी खिडकीतून कौतुकाने बघत होते, तेवढ्यात एका उमेदवाराचे प्रतिनिधी हितेश धावत आले.

"मॅडम, गेटवर केळी!"

"अहो, लग्न आहे."

"असू दे. आमच्या समोरच्या उमेदवाराचं चिन्ह काय?"

केळं! आणि केंद्रापासून शंभर मीटरच्या आत चिन्ह दिसता कामा नये. हितेशभाऊंनी लेखी तक्रारीला कागद मागितला. मी ताईंना फोन लावला.

ताई स्कूटरवरून आल्या. तोवर पुतळाबाई हळदीच्या हाताने खांबाला मिठी मारून उभ्या होत्या. "पोरीच्या लग्नादिवशी दारची केळ मी कापनार नाय. आधी माझा हात कापा."

ताईंनी गल्लीवर नजर फिरवली. दोन्ही बाजूंना केळीच केळी. "हितेशभाऊ, या वाड्यांचं काय करू? गुंडाळून ठेवू?"

"वाडीतली राहू द्या हो. पण दारात मांडलेली म्हणजे प्रचार."

खरं सांगू? मला वाटलं, ताई त्यांना दटावतील. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं." पुतळाबाईंचे डोळे भरून आले. मग ताई त्यांच्याकडे वळल्या. "कापायचं नाही हो. झाकायचं. तुमच्या केळींना साडी नेसवू या."

झालं! बायकांनी ट्रंक उघडली. भगवी साडी काढली, हितेशभाऊ म्हणाले, "हा रंग चालणार नाही." हिरवी काढली, दुसऱ्या उमेदवाराचा माणूस ओरडला. निळी, लाल, पिवळी... प्रत्येक रंगाला कोणी ना कोणी मालक निघाला. करवल्या हसून हसून ओट्यावर बसल्या. "आता काय, पोतं नेसवू?" पुतळाबाई कडाडल्या.

तेवढ्यात शेजारच्या इनेझबाई आल्या, हातात पांढऱ्या जाळीच्या दोन ओढण्या. एक त्यांच्या स्वतःच्या चर्चमधल्या लग्नातली, दुसरी सुनेच्या लग्नातली. गल्लीत कुजबूज झाली. लग्नाच्या दारात पांढरं?

"पुतळे," इनेझबाई म्हणाल्या, "हे डोक्यावर घेऊन मी या गल्लीत आली. वाईट झालं काय माझं?"

पुतळाबाई खांबापासून बाजूला झाल्या. मग म्हणाल्या, "तुझा नवरा अजून तुला घाबरतो. माझ्या पोरीला आनखी काय पायजे? बांध!"

शिडी हितेशभाऊंनीच धरली. दुहेरी जाळीआड घड दिसेनासे झाले, दाराशी जणू दोन नवऱ्या उभ्या राहिल्या. क्षितिजा मत द्यायला आली, तेव्हा हळदीने पिवळ्या बोटावर शाई लावताना आम्हाला हसू आवरेना.

संध्याकाळी वेळ संपली, पण रांग आवारात होती. आत आलेल्या प्रत्येकाचं मत होईपर्यंत ओढण्या काढता येणार नव्हत्या आणि मुहूर्त गोरजाचा. वरात गल्लीच्या तोंडाशी आली. वाजंत्रीवाल्यांना हातांनी गप्प करत ताई दोन्हीकडे धावत होत्या. शेवटचा मतदार बाहेर पडला, यंत्राला सील लागलं. ताई धापा टाकत दारात आल्या, "पुतळाबाई, आता काढा ओढण्या!"

पुतळाबाईंनी केळींकडे पाहिलं, इनेझबाईंकडे पाहिलं. "ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "त्याही आता करवल्याच."

नवरदेव त्या पांढऱ्या जाळ्यांमधून आत गेला.

त्या दिवशी कोण निवडून आलं, हे मला आठवायला वेळ लागतो. नियम न वाकवताही माणसाला जवळ घेता येतं, हे मात्र मी ताईंकडे पाहून शिकले. ताई, तुमच्यानंतर माझ्या फोनवर तुमचा नंबर तसाच राहणार आहे. उचलाल ना?

मला बोलू दिलंत, चिठ्ठीकडे दुर्लक्ष करू दिलंत, त्याबद्दल साऱ्यांचे मनापासून आभार. कोणाचं नाव राहिलं असेल, मानपानात चूक झाली असेल, तर हरकत नोंदवू नका, पोटात घाला.

आणि हो, मंचामागे पांढऱ्या जाळीखाली काहीतरी झाकलेलं आहे. क्षितिजाच्या लग्नातल्या केळीच्या बुंध्याशी वाडीत फुटलेल्या पिलाचा हा पहिला घड, पुतळाबाई आणि इनेझबाईंनी मिळून आणलेला. ताई, आज आचारसंहिता नाही. या, तुमच्या हाताने ओढणी काढा.