बावट्याचं वजन

…आणि वर ती डॉक्टरीणबाई म्हणते कशी, “काका, तोंडाने हो म्हणा, रेकॉर्ड होतंय!” अहो, लग्नात फादरने विचारलं तेव्हा एकदाच हो म्हटलं होतं, ते अजून निस्तरतोय, आणि इथे एका कुत्र्याच्या खाजेपायी पाच वेळा हो! तुम्हाला सांगतो, हो म्हणताना माणसाने जीभ दाताखाली धरावी.

आमचा बावटा. कुत्रा हो! शेपूट कायम होडीवरच्या बावट्यासारखं उभं, म्हणून बावटा. अख्ख्या अर्नाळ्यात माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारा तो एकटाच. आठवडाभर कराकरा खाजवत होता. सून म्हणाली, प्रिन्सी, “पप्पा, विरारपर्यंत कशाला नेता? डॉक्टरीणबाईंनी त्याला मागच्या महिन्यात बघितलाय, आता मोबाइलवर बघतील.” मोबाइलवर! म्हटलं, तिला त्याचा वास येणार आहे का? पण माझं ऐकतो कोण? बावटाच. आणि तो खाजवत होता.

लागला फोन. डॉक्टरीणबाई चेहऱ्याने गोड, पण बोलायला लागली वकिलासारखी. “काका, हे रेकॉर्ड होतंय, चालेल?” हो. “हात न लावता तपासण्यात धोका असतो, समजलं?” हो. “काही बिघडलं तर लगेच दवाखान्यात आणायचं, मान्य?” हो. “मालक तुम्हीच?” हो! “सांगाल ती माहिती खरी सांगाल?” आता तोंडावर मला खोटारडा म्हणते का ही? ओरडलोच मी… हो!

“वजन किती?”

मी विचारलं, “साफ करून, की अख्खा?”

प्रिन्सीने कपाळावर हात मारला. म्हणाली, “पप्पा, काट्यावर ठेवू या.” काट्यावर? चाळीस वर्षं मासळीची टोपली हाताने उचलून वजन सांगितलंय, मला काटा दाखवते! उचलला बावट्याला, जरा झुलवला, हात म्हणाला बारा. आणि तोंड म्हणालं, “अठरा!”

का? का काय! बंदरावर आमचा मर्विन व्यापारी, काहीही सांगा, तिसरा हिस्सा बर्फाचा म्हणून कापतोच. बारा सांगितले तर आठ धरणार. म्हणून अठरा सांगायचे, म्हणजे गाडी बारावर येते. जन्माची सवय! मी वाट बघतोय, बाई आता घासाघीस करेल, म्हणेल, “छे हो काका, चौदा धरते.” तर तिने मुकाट्याने अठरा लिहून घेतले! अशी गिऱ्हाईकं मला धंद्यात का नाही भेटली?

औषध वजनावर ठरतं, हे मला कोणी सांगितलं होतं का? प्रिन्सीने बाईने सांगितलं तेवढं, थेंब न थेंब मापून पाजलं. तासाभरात बावटा आडवा. खाज गेली हो, पण खाजवणाराही गेल्यासारखा! हाक मारली, कान हलेना. भाजलेला सुका बोंबील नाकाखाली धरला, नाकपुडी हलेना! आणि ते शेपूट… लादीवर, ओल्या दोरीसारखं.

शेजारचा काळूराम कुंपणावरून, “पानी पाज रे त्याला, लिंबाचं पानी!”

“थेंब पाजायचा नाही,” प्रिन्सी ओरडली. मग माझ्याकडे वळून, “पप्पा, मी मापूनच दिलं हो… माझंच काही चुकलं का?” आणि मी? सांगावं, तर खोटारडा मी. न सांगावं, तर बावटा जातो, आणि दोष हिच्या डोक्यावर. वर रेकॉर्ड झालंय! पाच वेळा हो! म्हाताऱ्याला तुरुंगात घालतात का हो याला?

प्रिन्सीने बाईला फोन लावला, तो घेतला हिसकावून. “बाई, बारा!”

“काय बारा?”

“कुत्रा बारा आहे! वरचे सहा बर्फाचे!”

मग एकदम, “काका, आता फोनवर काही होणार नाही. काही पाजू नका. उचला आणि आणा!”

मासळीच्या पाटीत बावटा, पाटी मांडीवर, रिक्षा आगाशीच्या बाजारात अडकलेली, आणि माझा तळवा त्याच्या पोटावर. पोट वर आलं… खाली गेलं… पुन्हा येईचना! मीही श्वास धरून बसलो. आलं एकदाचं. तिथून विरारपर्यंत मी देवाला जेवढे शब्द दिले, तेवढे पाळायला मला दुसरा जन्म लागेल.

दवाखान्यात आधी काटा. बारा किलो, जराही इकडेतिकडे नाही! हात चुकला नव्हता हो, तोंड चुकलं. बाईने सुई लावली आणि कागद पुढे केला. “वाचेल का, ते आत्ताच सांगता येत नाही. हे मान्य असेल तर सही करा.” म्हटलं, बाई, मला वाचता येत नाही धड, शब्द न शब्द वाचून दाखव. ऐकला सगळा. एकेक ओळ काळजात काटा रुतल्यासारखी. आणि मग म्हटलं… हो. इतक्या हळू, की तिने पुन्हा विचारलं.

दिवेलागणीला शेपूट हललं. चार बोटं. मी तिथेच रडलो, कोणाला सांगू नका.

आता फोन लागला की बाई पहिलं म्हणते, “काका, तुम्ही बोलू नका, काटा दाखवा.” बरं! मीही शपथ घेतली, यापुढे खरंच सांगायचं. परवा बंदरावर मर्विनने विचारलं, “पापलेट किती?” जीभ दाताखाली धरली. म्हटलं, बारा. खरे बारा! तर तो मेला म्हणतो कसा, “बर्फाचे चार गेले, आठ धरतो. हो म्हणा.”

काय करता? म्हटलं… हो!