स्पष्ट वाचन, उत्तम आकलन

या समारंभाचे अध्यक्ष, आदरणीय कुलसचिव साहेब. माझ्या उजव्या हाताला बसलेले सूक्ष्मजीवशास्त्राचे विभागप्रमुख. माझ्याविषयी आत्ताच भरभरून बोललेले सहकारी. समोर बसलेले माझे आजी-माजी विद्यार्थी, आणि मी तोंड उघडण्याआधीच पहिल्या रांगेतून 'आवरतं घ्या' अशी खूण करणाऱ्या आमच्या सौभाग्यवती, आपणा सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

सत्काराला उत्तर देताना माणसाने भारावून जायचं असतं, असा रिवाज आहे. मीही गेलो असतो. आधीच्या वक्त्यांनी सांगितलं की एकतीस वर्षं मी विज्ञानाच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना इंग्रजीची गोडी लावली. गोडी? अहो, माझा तास म्हटला की शेवटचा बाक पकडायला धावायची पोरं! बारावीपर्यंत सगळं आपल्या भाषेत शिकून आलेली मुलं. पहिल्याच आठवड्यात हातात जाडजूड इंग्रजी पुस्तकं पडायची आणि चेहरे असे व्हायचे, जणू घर चुकलंय आणि विचारायचं कुणाला तेही कळत नाहीये. मग ती प्रत्येक इंग्रजी ओळीवर पेन्सिलीने आपल्या अक्षरांत उच्चार लिहून काढायची. अर्थ नाही, फक्त उच्चार. मागे बसलेले माजी विद्यार्थी हसतायत. हसा बाबांनो. मीही तेच केलं होतं.

आज निवृत्त होतोय, तर सांगून टाकतो. विद्यार्थी असताना मी पानंच्या पानं वाचायचो आणि शेवटी माझ्या पदरात 'आणि', 'पण', 'म्हणून' एवढंच पडायचं. पण एक गोष्ट मी फार लवकर हेरली. जो अडखळत नाही, त्याला कुणी प्रश्न विचारत नाही. खणखणीत वाचून दाखवलं की सर म्हणणार, 'शाब्बास, बस खाली.' सुटलो! त्या एका युक्तीवर मी पदवी घेतली, नोकरी मिळवली आणि पुढे तीच युक्ती तुम्हाला शिकवली. शब्द अडला तर थांबू नका, आवाज खाली पाडू नका, पुढे चला. आठवतंय ना? अर्थ मी पुढे हळूहळू शिकलो. तुम्हीही शिकाल असं मी धरून चाललो.

दर वर्षी वाचनाची स्पर्धा व्हायची. पहिल्या वर्षी प्रमाणपत्राचा मजकूर घेऊन मी छापखान्यात गेलो, त्यात फक्त 'स्पष्ट वाचनाबद्दल' असं होतं. छापखानेवाला म्हणाला, 'सर, ओळ फार तोकडी दिसतेय. अजून दोन शब्द द्या की.' मी उभ्या उभ्या म्हटलं, 'बरं, उत्तम आकलन टाका.' स्पष्ट वाचन मी कानांनी ऐकलेलं होतं. आकलन कुणी तपासलं? कुणीच नाही. ओळ भरली पाहिजे म्हणून ते आलं आणि एकतीस वर्षं छापलं गेलं.

आता मी ज्या मुलीबद्दल बोलणार आहे, तिचं नाव आज या सभागृहात कुणी घेतलं नाही. मीही घेत नाही. वर्गातली मुलं तिला 'रेडिओ' म्हणतात, आपण तेच म्हणू. यंदाच्या स्पर्धेत ती पहिली आली. काय वाचायची पोरगी! कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, सगळं अचूक. वडील चावीवाले आहेत, रस्त्याकडेच्या टपरीत कुलपं दुरुस्त करतात. त्यांनी ते प्रमाणपत्र काचेच्या चौकटीत घालून टपरीत किल्ल्यांच्या वर टांगलं होतं.

बारा दिवसांपूर्वी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत नवीन ऑटोक्लेव्ह सुरू झाला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, वाफेच्या दाबाने भांडी निर्जंतुक करायचं ते यंत्र. घरच्या कुकरचा थोरला भाऊ म्हणा, फक्त याला शिट्टी नाही. शेजारी भिंतीवर कंपनीचा सूचनांचा कागद, अकरा ओळी, सगळ्या इंग्रजीत. शिकवणाऱ्या सरांना घाई होती. ते म्हणाले, 'रेडिओ, तू वाच गं, तुझं वाचन चांगलं आहे.' तिने वाचलं. सरांनी विचारलं, 'समजलं?' बेचाळीस जणांनी एका सुरात सांगितलं, 'हो सर.' मग बेचाळीस सह्या झाल्या. 'वाचले व समजले.' सर दुसऱ्या वर्गावर गेले.

विभागप्रमुख सर, मी तुमच्याकडे बोट दाखवत नाहीये. तुमचा विभाग माझ्या प्रमाणपत्रावर विसंबला.

सातव्या ओळीत लिहिलं होतं की हिरवा दिवा लागला म्हणजे फक्त तापवणं संपलं, आत दाब अजून आहे. आधी झडप उघडा, काटा शून्यावर येऊ द्या, तोवर झाकणाला हात लावू नका. तासाभराने हिरवा दिवा लागला. मुलं म्हणाली, 'उघडायचं का गं?' ती म्हणाली, 'हिरवा लागलाय की!' सूचना तिने वाचली होती, म्हणून मानही तिलाच मिळाला. झाकणाचे पेच तिनेच सैल केले.

सगळी वाफ तोंडावर आली.

मी दवाखान्यात गेलो तेव्हा तिच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. माझा आवाज ओळखून ती उठून बसायला लागली. मी म्हटलं, 'पडून राहा बाळा.' तर म्हणते कशी, 'सर, मला तो कागद अजून पाठ आहे. म्हणून दाखवू?' आणि तिने अकराच्या अकरा ओळी म्हणून दाखवल्या. एक उच्चार चुकला नाही. मग तिने विचारलं, 'आता तरी सांगा ना सर, सातव्या ओळीचा अर्थ काय होता?' मी सांगितला. ती ओळ तिने पुन्हा एकदा म्हटली. मग म्हणाली, 'एवढंच होतं होय?'

त्यानंतर मला धड जेवण गेलेलं नाही, हे पहिल्या रांगेतल्या बाईंना विचारा.

बाहेर व्हरांड्यात वडील भेटले. त्यांनी हात जोडले. मला वाटलं, आता हा माणूस मला शिव्या घालणार. घालायला हव्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, 'सर, खरं सांगा, माझ्या पोरीला इंग्रजी येतं का हो?'

निवेदकांनी चिठ्ठी पुढे सरकवली आहे. 'वेळ झाली.' झाली ना, मला माहीत आहे. आणखी थोडं सहन करा.

उद्या सकाळी अकराला चौकशी समिती बसते आहे. आज चार वाजता कुलसचिव साहेबांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं, प्रेमाने चहा पाजला आणि एक कागद पुढे ठेवला. उत्तम इंग्रजीत टाइप केलेला. या विद्यार्थिनीला इंग्रजी वाचून पूर्णपणे समजतं, सूचना तिने स्वतः वाचली होती, तेव्हा झाल्या प्रकाराला ती एकटीच जबाबदार आहे, असा मजकूर. खाली माझं नाव, आणि पुरावा म्हणून सोबत माझंच प्रमाणपत्र जोडलेलं. मी सही केली की तिचं नाव विद्यापीठातून कमी होणार आणि तिच्या उपचारांशी आपला संबंध संपणार. साहेब म्हणाले, 'नुसती सही हवी सर, नवीन काहीच लिहायचं नाही.' खरंच होतं ते. सगळं मीच आधी लिहून दिलेलं होतं.

मी तेव्हा 'नाही' म्हणालो नाही. 'आधी सत्कार होऊन जाऊ दे' म्हणालो. हार-तुऱ्यांचा मोह सुटत नाही, साहेब. भित्रेपणाही सुटत नाही. तो कागद हा इथे, वरच्या खिशात आहे. त्यावर सही होणार नाही. उद्या अकराला मी समितीपुढे लेखी देणार आहे की या मुलीला वाचता येत होतं, समजत नव्हतं, आणि हे मला ठाऊक असायला हवं होतं.

साहेब माझ्या कानात म्हणतायत की मग तुमची सगळीच प्रमाणपत्रं खोटी ठरतील. अगदी बरोबर बोललात! म्हणूनच मी हे समितीच्या आधी इथे बोलतोय. समोर बसलायत तुम्ही माझे माजी विद्यार्थी. कुणी औषधाच्या दुकानात आहे, कुणी लिफ्ट तपासतो, कुणी क्ष-किरणाचं यंत्र चालवतो. सगळे न अडखळता वाचणारे. इतके दिवस मला तुमचा अभिमान वाटायचा. आता रस्त्यात कुणी 'सर, ओळखलंत का?' म्हणून पाया पडायला वाकलं की मी आधी विचारतो, 'काम कुठे करतोस?'

डॉक्टर म्हणतात, रेडिओचा डावा डोळा गेल्यात जमा आहे. उजव्याची आशा आहे, मात्र थेंब वेळच्या वेळी आणि नेमके पडले पाहिजेत. परवा मी खाटेजवळ बसलो होतो. नर्स थेंबांची बाटली घेऊन आली, मला पाहिलं आणि हसली. 'सर, तुम्ही!' पहिलं वर्ष आमच्याकडे करून नर्सिंगला गेलेली मुलगी. स्पर्धेत दुसरी आली होती. मी सहज म्हटलं, 'वाच बघू, काय लिहिलंय बाटलीवर?' तिने वाचलं. स्पष्ट, खणखणीत, माझ्याच ढंगात. रेडिओसुद्धा पट्टीआडून म्हणाली, 'छान वाचता हो ताई.' मी विचारलं, 'म्हणजे काय गं?' ती म्हणाली, 'सर, रोजचंच तर आहे!' मी बाटली हातात घेतली. उघडल्यापासून सात दिवसांनी फेकून द्यावी, असं त्यावर छापलं होतं. उघडल्याची तारीख तिनेच पेनने घातली होती. त्याला दहा दिवस झाले होते.

तिने नवी बाटली आणली.

आपण इतक्या अगत्याने हा समारंभ घडवून आणलात, वेळ काढून आलात, माझ्याबद्दल चार चांगले शब्द बोललात, त्याबद्दल मी आपला ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचं मन दुखावलं असेल तर ते पोटात घाला. शिकवण्यात जे उणं राहिलं त्याची क्षमा मात्र तुमच्याकडे मागत नाही, कारण ती तुम्ही द्यायची नाही. अल्पोपाहाराला थांबत नाही, राग मानू नका. पावणेसहा वाजलेत, सहाला थेंब घालायची वेळ असते. संध्याकाळच्या पाळीला दुसरी नर्स आहे. तीही माझीच विद्यार्थिनी.