सहा सिलिंडरची गाडी आणि शेजारची सीट

आदरणीय अध्यक्ष श्री. शेषगिरीराव, प्रमुख पाहुण्या डॉ. मनस्विनीताई, आपल्या मंडळाचे सचिव वादिराज, सर्व पदाधिकारी आणि समोर बसलेल्या माझ्या मैत्रिणींनो आणि स्नेह्यांनो,

शाल दिलीत, श्रीफळ दिलंत, आणि त्याहून जड असे शब्द दिलेत. एकतीस वर्षं या मंडळात मी सतरंज्या घातल्या, चहाचे कप विसळले. मंचावर बसायची मला सवय नाही. परवा मी नागपूरला बहिणीकडे कायमची राहायला जाते आहे. जाण्याआधी एक दुरुस्ती करायची आहे, ती करू द्यावी.

आत्ता सिद्धीनं माझी ओळख करून देताना सांगितलं, की साठी उलटल्यावर सुखदामावशींनी सहा सिलिंडरची, तीन लिटर इंजिनाची गाडी चालवायला घेतली. केवढं हे धाडस. तुम्ही टाळ्याही वाजवल्यात. आभारी आहे. पण ते धाडस नव्हतं.

गाडी विलासची, माझ्या यजमानांची. निवृत्त झाला त्या वर्षी त्यानं ती घेतली. सेकंडहँड, गडद निळी. मला राग आला होता. जे. पी. नगरच्या आमच्या गल्लीत दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीला थांबावं लागतं, आणि तिथे ही गाडी! ट्रॅफिकमध्ये लिटरला पाच किलोमीटर. एक टायर आमच्या फ्रिजपेक्षा महाग. तो बॉनेट उघडून मला हाक मारायचा, "सुखदा, नुसतं ऐक तरी." मी पोळ्या लाटत असायचे. एकदा मी त्याला म्हटलं, "एकट्या माणसाला तीन हजार सीसी कशाला लागतात?" त्यानं बॉनेट लावलं, हात धुतले आणि जेवायला बसला.

दर रविवारी सकाळी सहाला तो निघायचा. येलहंक्याच्या पुढे, विमानतळाकडच्या मोकळ्या रस्त्याला. सोबत कोण, असं विचारलं की मंडळातल्या चार मित्रांची नावं सांगायचा. दहाला परत यायचा, खुशीत. मला वाटायचं, चला, माणसांत आहे. या वयात दुसरं काय हवं असतं?

अडीच वर्षांपूर्वी एका दुपारी, वर्तमानपत्र वाचता वाचता विलास गेला. गाडी सात महिने कव्हरखाली उभी होती. शेवटी विकायची ठरवली आणि इथल्याच शिवाजीनगरच्या विठोजीअण्णांना बोलावलं. त्यांच्याच गॅरेजमध्ये ती जायची. ते बघा, तिसऱ्या रांगेत बसलेत. अण्णा, मान खाली घालू नका. त्यांचं घराणं इथे शेकडो वर्षांचं. मराठी बोलतात, पण कानडीच्या अंगानं. त्यांनी नवी बॅटरी घातली, डावीकडचं दार उघडलं आणि म्हणाले, "अक्का, स्वल्प बसून बघा."

"मला काय करायचंय बसून? विकायचीच आहे."

"साहेबांनी ही सीट तुमच्यासाठी करून घेतली. दोनदा फोम बदलायला लावला. तुमच्या कमरेला मऊ चालत नाही म्हणाले."

माझं कमरेचं दुखणं तुम्हाला ठाऊकच आहे. मी वाकून पाहिलं. चालवणाऱ्याच्या सीटचं लेदर चुरगळून मऊ पडलं होतं. शेजारची सीट अण्णांनी करून दिली तशीच होती, ताणलेली, कोरी.

"मित्र बसत असतील की," मी म्हणाले.

अण्णा बराच वेळ फडक्यानं हात पुसत राहिले. "साहेब एकटेच जायचे, अक्का. वाटेत माझ्याकडे चहाला थांबायचे. मलाही चला म्हणायचे. पण रविवारी माझी गिऱ्हाइकं असतात."

त्या चार मित्रांपैकी एक आपले वादिराज, त्यांना मी फोन केला. त्यांना विचारूनच हे इथे सांगते आहे. ते म्हणाले, "वहिनी, पहिल्या महिन्यात आम्ही दोनदा गेलो होतो. मग नातू झाला, मग राहूनच गेलं." बाकीच्या तिघांचंही तसंच. यात कुणाचा दोष नाही. त्याच्या घरातच एक माणूस रविवारी मोकळं होतं. त्यालाही त्यानं विचारलं होतं, एकदा नाही, तीन-चारदा. आणि दर वेळी मी त्याला पेट्रोलचा भाव सांगितला होता. चार वर्षं तो एकटा जातो हे त्यानं मला का सांगितलं नसेल? सांगितलं असतं तर मी काय म्हणाले असते, ते तुम्ही मघाशी ऐकलंच.

पुढच्या रविवारी अण्णांनी गॅरेज बंद ठेवलं आणि मला त्या सीटवर बसवून घेऊन गेले. येलहंका मागे पडलं, रस्ता मोकळा झाला, तसा त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला. मोठ्या इंजिनाचा आवाज चढत नाही, खोल जातो. आणि आपली पाठ सीटला टेकते, कुणी छातीवर तळहात ठेवून मागे रेटावं तशी. त्या पाच-सहा सेकंदांत मनात काही म्हणजे काही नसतं. कुलूपबंद फ्लॅट नसतो, संध्याकाळ नसते. मग पुढे एखादा ट्रक येतो, पाय उचलावा लागतो, आणि सगळं जिथल्या तिथे परत येतं. विलास दर रविवारी कशासाठी जात होता, ते मला त्या दिवशी कळलं.

अण्णांनी गाडी कडेला घेतली. मी विचारलं, "मला शिकवाल?"

"सरी, शिकवतो," ते म्हणाले.

तर धाडस म्हणतात ते हे. पुढे पावणेदोन वर्षं मी दर रविवारी गेले. दोनदा गेटला गाडी घासली, एकदा वेगाचा दंड आला. एका बाईच्या मनासाठी एवढं पेट्रोल जाळणं बरोबर नाही, हेही कळत होतं. तुमच्यापैकी अनेकांना मी चला म्हटलं. सगळ्यांनी हसून विचारलं, "ॲव्हरेज काय देते?" मला राग आला नाही. तो माझाच प्रश्न होता.

मागच्या महिन्यात येलहंक्यापुढच्या एका छोट्या हॉटेलात पहिल्यांदाच कॉफीला थांबले. काउंटरवरच्या माणसानं गाडी ओळखली. हिंदीत विचारलं, "साहेब दोन-अडीच वर्षांत आले नाहीत. त्यांच्या मिसेस गावाहून आल्या का? साहेब दर वेळी म्हणायचे, गावाला गेलीय, आली की घेऊन येतो."

मी म्हणाले, "हो, आले मी." पुढचं काही त्याला सांगितलं नाही. कॉफी घेतली, गाडीत जाऊन बसले आणि बराच वेळ चावीला हात लावला नाही.

गाडी गेल्या आठवड्यात विकली. नागपूरला बहिणीच्या दारात ती मावणार नाही, आणि आता मला तिची गरजही उरलेली नाही.

मंडळानं मला एकतीस वर्षं आपलं मानलं, त्याबद्दल तुम्हा सर्वांची ऋणी आहे. अध्यक्ष महोदयांनी वेळ दिला, अण्णांनी आपला रविवार दिला, त्यांचे विशेष आभार. बोलण्यात, वागण्यात माझ्याकडून कुणाला काही लागलं असेल तर क्षमा करावी. आणि करता येण्यासारखी नसेल, तर तसं येऊन सांगावं, मनात ठेवू नये. परवा सकाळपर्यंत मी घरीच आहे.

नमस्कार.