मॅक्रो फास्ट केला, तिथंच चुकलं

शप्पथ, खरं हाय. म्हंजे, बरंचसं.

आमच्या टॉवेल कारखान्याच्या हापिसात स्टॉकचा मॅक्रो, म्हंजे एक्सेलमधला आपोआप रिपोर्ट काढणारा प्रोग्राम, लई हळू चालायचा. स्क्रीन फडफडत बसायची, कंप्यूटर अडकायचा, आन् तोवर आमी सगळे चहाला. मालक म्हणाले, "बघ की काय झालंय." मी त्या प्रोग्रामात एकच ओळ टाकली, काम होईस्तोवर स्क्रीन हलू नये म्हणून. बटन दाबलं की रिपोर्ट तयार.

मालकांनी चहाची सुट्टीच बंद केली.

शेजारच्या टेबलावरचे मोरेकाका म्हणाले, "लेका, कुणी सांगितलं होतं एवढं शिकायला?" मला वाईट वाटलं. गुपचूप ओळ काढून टाकली. मॅक्रो परत अडकला, सगळे परत चहाला निघाले. मालकांनी मला अडवलं.

"तू कुटं? तूच बिघडवलास न्हवं? नीट होईस्तोवर हितंच बस."

ओळ परत टाकावी तर सगळ्यांचा चहा बंद, म्हणून अजून बसतोय. आज सुट्टी म्हणून दिसलो तुला. चहाचे तू दे.