नळीला न शिवणारा हँडगार्ड

...नाही नाही, हा नको, हा ठेव परत. दिसायला देखणा आहे रे, पण वजन बघ की, हातात पहार धरल्यासारखं वाटतंय. हलका हवा. आणि तेरा इंची दाखव, पंधरा नको — पंधरा म्हणजे पुढचा हात ताणून धरायचा, मग खांदा भरून येतो. माझा नव्हे, मित्राच्या बायकोचा. मित्रासाठी घेतोय म्हटलं ना मघाशी? तिचीच रायफल. कार्बाइन, हो, आखूड नळीची. कागदावरचे नेम मारते ती, हरणाबिरणांच्या मागे जात नाही. ते दातेरी पट्ट्यांचे तर काढूच नकोस, हाताला खवणीसारखे लागतात. फटींचे दाखव, गुळगुळीत. हां — असा.

आणि नळीला न शिवणाराच पाहिजे हं. तुला मी काय सांगायचं म्हणा, तू दुकानदार — पण लोकांना कळत नाही रे! आमच्या क्लबात नवीन माणसं येतात ना, त्यांना मीच शिकवतो. इतकी वर्षं शिकवतोय. मी म्हणतो, बाबांनो, हा हँडगार्ड, म्हणजे पुढच्या हाताने धरायचं नळीभोवतीचं कवच, मागे एकाच जागी धरलेला असतो, नळीच्या मुळाशी. पुढे सगळा मोकळा. तुम्ही मुठीत आवळा, वाळूच्या पिशवीवर टेकवा, काय वाट्टेल ते करा, नळीला त्याचा पत्ता नसतो — म्हणून गोळी जिथली तिथे जाते. पण मग सगळी भिस्त कशावर? मुळाशी जे दोन स्क्रू असतात त्यांच्यावर. ते ढिले पडले की अख्खा हँडगार्ड केसभर फिरतो, त्याच्यावरचा नेमाचा काटा फिरतो, आणि मग तुम्ही कितीही मन लावून मारा. तर असं. स्क्रू चांगले असलेला दे.

जाडी? जाडी बघावी लागेल. हात दे बघू तुझा इकडे — छे, हा हात आहे का फावडं! तिचा लहान आहे, बघ, माझ्या एवढ्या बोटापर्यंत येतो. त्यात सांधे धरलेत बिचारीचे, अंगठ्याच्या मुळाशी ही एवढी गाठ. लोणच्याच्या बरणीचं झाकण मला उघडून द्यावं लागतं. पण रायफल हातात आली ना की तोच हात असा काही थांबतो — अरे, जेवण सोडून बघत बसावं! मी तर — म्हणजे मित्र तर बघतच राहतो.

हसू नकोस. बरं, माझीच बायको. लोर्ना. झालं समाधान? बाहेर गाडीत बसलीय, तो निळा पिकअप, थर्मासमधली कॉफी पितेय. मीच म्हटलं बस तू, वारा फार आहे, मी घेऊन येतो पटकन. आता तू म्हणशील, सत्तर मैल कशाला आलात, तुमच्या गावात दुकान नाही का? आहे की. ऑर्व्हिलचं आहे, चर्चच्या समोरच. पण ऑर्व्हिलच्या तोंडात तीळ भिजत नाही. त्याच्याकडे सकाळी गेलो तर दुपारपर्यंत गावातली कुत्री-मांजरंसुद्धा विचारतील — काय डेल्बर्ट, हँडगार्ड बदलतोस म्हणे? का रे बदलतोस?

जुन्याला काय झालं? खराब निघाला. कंपनीचा दोष. हल्ली कुठे राहिलाय चांगला माल... काय दोष म्हणजे? दोष म्हणजे दोष! तू विकायला बसलायस का माझी चौकशी करायला? — रागावू नकोस गड्या. माझंच डोकं ठिकाणावर नाही शनिवारपासून. शनिवारी आमची मोठी स्पर्धा होती, शेजारच्या काउंटीच्या क्लबाशी. क्लबघरात एक लाकडी फळी आहे, जिंकणाऱ्याचं नाव तिच्यावर कोरतात. माझं आहे दोनदा. माझ्या बापाचं आहे. बाईचं एकीचंही नाही, आजवर नाही — आणि शेवटच्या फेरीला लोर्ना सगळ्यांच्या पुढे होती! लोक सँडविचं हातात धरून उभे. मी लाईनवर पंच. तेवढ्यात हिने हात वर केला.

हात वर केला म्हणजे — तुमच्याकडे नाही का तसं? आमच्याकडे नेमबाजाला वाटलं की रायफलीत काही बिघडलंय, तर हात वर करायचा. पंचाने यायचं, रायफल हातात घ्यायची, हलवून बघायची. काही सुटलेलं सापडलं तर ती फेरी पुन्हा मारायला मिळते, गुण जात नाहीत. साधा नियम. मीच लिहिलाय तो. आणि मी गेलो, ती जमिनीवर पालथी, मी तिच्या डोक्याशी उभा राहिलो, आणि — बघितलंच नाही रे. वाकलोसुद्धा नाही. बघायचं काय त्यात? हँडगार्ड मीच बसवलेला! वाढदिवसाची भेट म्हणून, माझ्या हाताने! मी बसवलेलं कधी सुटलंय का? मी म्हटलं, "नाचता येईना अंगण वाकडं! रायफल ठणठणीत आहे बाई, तूच दचकतेस." मोठ्याने म्हटलं. सगळ्यांच्या कानात बुचं असतात ना, मोठ्यानेच बोलावं लागतं — नाही, त्याच्यासाठी नाही. लोकांनी ऐकावं म्हणूनच. हसलेही लोक. तिने माझ्याकडे एकदा वर बघितलं आणि हात खाली केला. उरलेल्या गोळ्या गपचूप मारल्या.

आणि तो कागद! कागद आणला तेव्हाच मला कळायला हवं होतं. सगळी भोकं डावीकडे, पण कशी — एकमेकांना खेटून, एका नाण्याखाली झाकतील अशी. दचकणाऱ्याच्या गोळ्या अशा पडतात का? दचकणाऱ्याच्या चहूकडे उधळतात. पहिल्याच दिवशी शिकवतो मी हे पोरांना! आणि स्वतःच्या बायकोचा कागद हातात धरून सगळ्यांसमोर म्हणतोय, "बघा, सरावाची कमतरता."

मंगळवारी ती बहिणीकडे गेली तेव्हा रायफल काढली. हँडगार्ड मुठीत धरला, पिळला — फिरला की रे. स्क्रू काढले तर दोन्ही वंगणाने माखलेले. कळलं ना? तुला कळणारच. नळीच्या आट्यांना वंगण लावायचं, आणि ह्या स्क्रूंना कोरडं पुसून तो धरून ठेवणारा गोंद. मी दोन्हीकडे वंगणच फासलं. रेडिओवर फुटबॉलची मॅच चालू होती, माहितीचा कागद कॉफीच्या मगाखाली — मला कशाला लागतोय माहितीचा कागद! मी तर शिकवतो! लाज वाटते रे. आरशात दाढी करताना लाज वाटते. शनिवारपासून ती चिडलेली नाही, भांडलेली नाही, नुसती रायफल कपाटात ठेवून दिली आणि म्हणाली, "पुरे झालं आता, डोळे पण गेलेत माझे." डोळे गेलेत! अख्ख्या पूर्व मोंटानात असे डोळे नाहीत कुणाचे.

काय म्हणतोस, नवा कशाला? जुना पुसून गोंद लावून आवळला की झालं? अरे माहीत आहे मला! मला माहीत नसेल का? पण मग तिला काय सांगू? नवा घेतला की जुना कचऱ्यात, आणि प्रकरण मिटलं. काल जेवताना सांगितलं तिला — म्हटलं, तो हँडगार्डच सदोष निघाला, कंपनीचाच घोळ, तुझी काही चूक नव्हती. म्हणजे ते शेवटचं तरी खरंच सांगितलं ना मी? ती म्हणाली, "हो का?" आणि माझ्या ताटात बटाटे वाढले.

एक काम कर माझं. ती आत आलीच, तर तू नुसतं म्हण — त्या जुन्या बनावटीचे बरेच परत आलेत. एवढंच. तुझं काय जातंय? नाही कसं? ती पुन्हा नेम धरेल रे त्याने, तिचं पुन्हा मन लागेल... माझ्यासाठी नाही म्हणत मी. थोडं माझ्यासाठी. बरं, माझ्यासाठीच, पण —

अगं, ये! आलीस का, थंडीत कशाला उतरलीस. ये लोर्ना, बघ, हा कसा वाटतो हाताला? हलका आहे ना? हा गडी आत्ता हेच सांगत होता, त्या जुन्या बनावटीचे बरेच परत — काय रे? बोल की! मान काय हलवतोस नुसती?

काय म्हणालीस? वंगण? कसलं वंगण... तुझ्या हाताला? कधी?

शनिवारी.

म्हणजे नळी तापली आणि ओघळून तुझ्या तळहाताला... लाईनवरच? तेव्हाच कळलं होतं तुला? मग दाखवायचं होतंस की तो हात! माझ्या तोंडापुढे धरायचा होतास, सगळ्यांच्या देखत! फळीवर नाव लागत होतं तुझं, लोर्ना, एकच फेरी — हात खाली का केलास?

कोण उभी होती मागे? ...माझी शिकवणीची पोरं.

बांधू नकोस रे तो. आम्हाला काही घ्यायचं नाहीये. नाही — नको म्हटलं ना, ठेव परत, आणि तू जरा तिकडे जा. थोडा वेळ तिकडे जाऊन उभा राहा.