अशनीला अभिषेक

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न. प्रेम करायला अक्कल लागते का? — हसू नका! पहिल्या रांगेतल्या वहिनी मान डोलावतायत आणि शेजारचे दादा छताकडे बघतायत, म्हणजे प्रश्न घरोघरचा आहे!

तर मिरजेत राहायच्या एक प्रमिलाताई बेडेकर. बाई प्रेमळ — इतक्या, की जेवून उठलेल्या पाहुण्याला हात धरून परत पाटावर बसवतील! आई गेल्यावर त्यांनी वडिलांना, अण्णांना, देवरुखहून आपल्या घरी आणलं. तूप वाढलं, शाल पांघरली, दुधात हळद घालून पाजली. आणि अण्णा? — गप्प! दिवाळीपासून एक शब्द नाही. डॉक्टर म्हणाले, घसा ठणठणीत आहे. दृष्ट काढली, नवस बोलले. छे! ताई पदराआड रडायच्या. बापाचा आवाज पुन्हा ऐकायला मिळावा, एवढाच ध्यास.

शेजारीण म्हणाली, "अगं, आभाळातून पडलेला दगड आण. त्यावर रुद्राची अकरा आवर्तनं कर, तीर्थ पाज. बोलायला लागतील बघ." आणि सांगलीला एका मंगल कार्यालयात संग्राहक मंडळींचं प्रदर्शन भरलेलं. तिथे असे दगड विकत मिळतात म्हणे! झालं, ताई निघाल्या. पिशवीत काय? गंगेच्या पाण्याचा गडू! दगड घेतला की तिथल्या तिथे शुद्ध करायचा!

काय ते प्रदर्शन, मंडळी! एकीकडे जुनी नाणी, एकीकडे काडेपेट्यांची चित्रं — एक गृहस्थ तर नुसती बटणं मांडून बसलेले! कोपऱ्यात हबीबभाई तांबोळी. पांढरी दाढी, हातात भिंग, समोर काळे दगड. ताईंना वाटलं, असे दगड तर आमच्या परसात ढिगाने!

"ताई, पडताना दिसते ती उल्का," हबीबभाई म्हणाले. "जमिनीवर पोचली की ती अशनी. हातात तर घेऊन बघा."

घेतला — आणि हातच खाली गेला! लिंबाएवढा दगड, पण वजन केवढं! दोऱ्याला बांधलेलं लोहचुंबक जवळ नेलं — टक्कन चिकटलं! शेजारी एक कापलेला तुकडा होता. आत रेघांवर रेघा, विणल्यासारख्या.

"हे कुणी कोरलं?"

"कुणी नाही. लोखंड आहे हे. लाखो वर्षं हळूहळू थंड होताना अशा रेघा पडतात."

"अगंबाई! आणि हा वरचा काळा थर?"

"पडताना जळला तो."

ताई नवस विसरल्या, शेजारणीलाही विसरल्या. भिंगच मागून घेतलं! एकेक दगड उलटासुलटा करून बघतायत, विचारतायत! शेवटी तो लिंबाएवढाच पसंत केला. आणि पिशवीतून काढला गडू —

"ओ ताई! पाणी नको!" हबीबभाईंनी दगड उचलून छातीशीच धरला.

"अहो, गंगा आहे ही!"

"गंगा असो नाहीतर कृष्णा! गंजेल तो. कुठे ठेवणार तुम्ही?"

"देव्हाऱ्यात. रोज अभिषेक. दूध, दही, मध —"

"मग मला विकायचा नाही!"

बघा! विकणारा गिऱ्हाइकाला नाही म्हणतोय!

ताई भडकल्या. "मी एवढ्या श्रद्धेने आले, आणि तुम्ही मला शिकवता?" म्हातारा शांत. त्याने उलट तपासणीच सुरू केली. घरात ओल आहे का? मोरी जवळ आहे का? घामट हाताने धरणार का?

"मुलगी देतानासुद्धा इतक्या चौकशा करत नाहीत हो!"

"मुलगी बोलते, ताई. काय सोसतं, काय नाही, ती सांगेल. हा बोलत नाही. जो बोलत नाही त्याचं आपण विचारायला नको?"

गडू हातातच राहिला! अण्णांना तूप आवडतं का? शाल हवी असते का? ताईंनी आठवून पाहिलं. विचारलंच नव्हतं! कधीच! फार लागलं हो बाईंच्या मनाला.

"अभिषेक नाही करत," त्या हळूच म्हणाल्या. "कोरड्या फडक्याने पुसेन. द्या." हबीबभाईंनी दगड डबीत घातला. औषधाच्या बाटलीत असते ना, ओल शोषणारी पुडी, तीही बरोबर ठेवली.

घरी आल्या. रुद्र नाही, तीर्थ नाही. दगड अण्णांच्या तळहातावर ठेवला आणि समोर बसल्या. "अण्णा, चुकलं माझं. तुम्हाला काय हवंय?"

आणि मग ताई गप्प बसल्या! अवघड आहे हो हे! विचारतात सगळेच. "चहा घेणार ना? घ्याच, आणते!" — हे काय विचारणं झालं? उत्तराला थांबतो कोण? ताई थांबल्या. ओठ घट्ट मिटून. अण्णा दगड फिरवतायत, वरून बघतायत, खालून बघतायत.

"जड आहे गं," अण्णा म्हणाले.

ताईंच्या डोळ्यांना धार लागली! तरी बोलल्या नाहीत! मग अण्णा म्हणाले, "पलंग खिडकीशी घे. आणि ही शाल काढ आधी, जीव उकडून निघाला माझा! दिवाळीत सांगायला गेलो, तर तू ऐकून न घेता दुसरी आणून घातलीस. मग म्हटलं, बोलून काय उपयोग?"

हसलात? हसा. मी माझ्या वडिलांना दर सणाला आग्रहाने श्रीखंड वाढायचो. ते मुकाट खायचे. त्यांना ते कधीच आवडलं नाही, हे मला आत्याने सांगितलं — त्यांच्या तेराव्याच्या पंगतीत, माझ्या हातात श्रीखंडाचं पातेलं असताना! मी आता कुणाला विचारू? तुमचं माणूस घरी आहे, मंडळी. आज आरती थोडक्यात आटपू. लवकर जा, जवळ बसा, विचारा — आणि तोंड मिटून थांबा!