रेस्टलेस की टायरलेस?

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील विश्वस्त मंडळी, मोठे डॉक्टरसाहेब, आजच्या सत्कारमूर्ती म्हणजे आपल्या सगळ्यांच्या मेट्रनबाई, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या धाकट्या भगिनी, आणि ड्यूट्या बदलून धावतपळत आलेल्या माझ्या विद्यार्थिनींनो,

मी आपल्या इस्पितळाच्या नर्सिंग शाळेत इंग्रजी शिकवतो. भाषण लिहून आणलं होतं. ते या खिशात आहे आणि खिशातच राहणार आहे, कारण अध्यक्ष महोदयांनी आत्ता जी आनंदाची बातमी दिली, ती ऐकून मी हबकलोय.

बातमी आपण ऐकलीच. बाईंना निवृत्तीचा निरोप द्यायचाच नाही, असं मंडळानं ठरवलंय. त्यांना आणखी दोन वर्षं मुदतवाढ! का? तर मानपत्रात छापल्याप्रमाणे त्या 'टायरलेस अँड इनडिफॅटिगेबल' आहेत, आणि जो थकतच नाही त्याला घरी कशाला पाठवायचं? सभागृह टाळ्यांनी दणाणलं. बाईंनी हात जोडले. आपण म्हटलं, आभार मानताहेत. अहो, पण माणूस हात कशाकशाला जोडतो? नमस्काराला जोडतो, आभाराला जोडतो, आणि 'बाबांनो, हात जोडते, आता पुरे करा' असं म्हणायचं असतं तेव्हाही जोडतो. यांतले हे कोणते, ते आपल्यापैकी कुणी विचारलं का?

मानपत्र इंग्रजीत हवं ही मंडळाची हौस. हौसेला मोल नसतं. पहिला मसुदा आमच्या हेडक्लार्कसाहेबांनी केला. त्यात बाईंना त्यांनी 'रेस्टलेस वर्कर' म्हटलं होतं. साहेबांचा हिशेब सरळ: जी रेस्ट घेत नाही ती रेस्टलेस. इंग्रजीत मात्र त्याचा अर्थ बेचैन! हसा, हसा, साहेब स्वतःच हसताहेत. मी लाल शाईनं ते खोडून 'टायरलेस' केलं. मंडळाला आणखी वजनदार काहीतरी हवं होतं, म्हणून शेपटाला 'इनडिफॅटिगेबल' जोडलं. आपले रुग्णवाहिकेचे ड्रायव्हरदादा माझ्या खांद्यावरून वाकून वाचत होते. म्हणाले, "सर, टायरलेस? मग बाई चालतात कशावर?"

ते कागद घेऊन मी बाईंना दाखवायला ऑपरेशन थिएटरशेजारच्या त्यांच्या खोलीत गेलो. बाई बूट काढून बसल्या होत्या. पाय समोरच्या स्टुलावर, घोटे सुजून टम्म झालेले. मला पाहताच त्यांनी पाय घाईघाईनं खाली घेतले, जणू चोरी पकडली गेली. कागद वाचून म्हणाल्या, "सर, खोडलेला शब्द बरा होता की."

मी हसलो.

"हसू नका. वॉर्डात पेशंट रेस्टलेस झाला की आम्ही डॉक्टरांना बोलावतो. टायरलेस लिहिलंत तर कोण धावत येणार?"

बाई सगळ्यांचीच फिरकी घेतात, तशी माझीही घेतली असं वाटलं. पण आत्ता तुमच्या टाळ्यांच्या कडकडाटात ते वाक्य पुन्हा कानात वाजलं. सगळं सभागृह उभं राहिलं होतं. एकटी धाकटी बहीण खुर्चीत बसून होती. मघाशी चहाच्या वेळी त्या मला सांगत होत्या, "सर, ताईसाठी मागची खोली रिकामी केलीय. आल्या आल्या तिला नुसतं झोपू देणार. घरात कुणी तिला हाक मारायची नाही, असं पोरांना बजावून ठेवलंय." ताईला न्यायला आलेल्या त्या बहिणीच्या तोंडावर आपण टाळ्या वाजवल्या हो!

आता थोडा माझ्या विषयाचा तास घेतो. टायरलेस, अनटायरिंग, अनफ्लॅगिंग, इनडिफॅटिगेबल, इनएग्झॉस्टिबल. मुलींनो, हे शब्द मी तुमच्याकडून घोकून घेतले. एक गोष्ट शिकवायची राहिली. हे शब्द कुणी स्वतःबद्दल वापरत नाही. 'मी टायरलेस आहे' असं म्हणणारा माणूस तुम्हाला कधी भेटलाय? हे नेहमी दुसऱ्यानं म्हणायचं, आणि तेही बहुधा खुर्चीत बसून. शेवटचा शब्द तर मूळचा खाणीतल्या कोळशाला शोभावा असा. कितीही उपसा, संपत नाही. आणि हे सगळे शब्द एकत्र सापडतात कुठे? सत्काराच्या भाषणात, नाहीतर मृत्युलेखात. मराठीनंही हसू नये. आपणही 'थक'च्या आधी एक 'अ' लावतो, आणि झाला माणूस अथक! त्या एका अक्षरात समोरच्याचा सगळा थकवा पुसून आपण मोकळे होतो.

टायरलेस कोण? ज्याला 'दमलास का?' असं कुणी कधी विचारलं नाही, तो. मी भाषेचा माणूस, पण या अर्थानं मला आज खरोखर घाम फोडलाय.

अध्यक्ष महोदय, आपला मान राखून सांगतो, मंडळाच्या प्रेमाबद्दल मला तिळमात्र शंका नाही. शंका एवढीच आहे की ठराव झाला, मंजुरी झाली, हारही आला, पण हा प्रश्न राहून गेला. तेव्हा तो इथेच विचारतो. सूत्रसंचालक ताई, तो दुसरा माइक जरा बाईंकडे द्या.

बाई, दमलात का हो?

नाही, नाही, मोठ्या डॉक्टरांकडे बघू नका. माझ्याकडे बघा. सावकाश सांगा. आम्ही थांबतो.

मागच्या रांगांना ऐकू गेलं नसेल म्हणून सांगतो. बाई म्हणाल्या, "हो. फार. कधीची."

डोळे पुसायचे ते नंतर पुसा, मुलींनो. आणि आता टाळ्या नकोत. अध्यक्ष महोदय मान हलवताहेत, ती मुदतवाढ मागे घ्यायला होकाराची आहे असं मी समजतो. चुकत असेन तर त्यांनी मला इथेच थांबवावं.

थांबवत नाहीत. मी त्यांचा मनापासून आभारी आहे. मंडळानं बोलायची संधी दिली, तुम्ही ऐकून घेतलंत, त्याबद्दल तुम्हा सर्वांचे आभार. अधिक-उणं बोललो असेन तर राग माझ्यावर काढा, बाईंच्या सुट्टीवर काढू नका.

धाकट्या ताई, या, वर या. बहिणीचा हात धरा. आणि जपून न्या, व्यासपीठाची पायरी उंच आहे.